भरल्या गाडीचं माप

गोरेगाव,
६ मे १९९९

ती. दादास शालूचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. शनिवारपासून आमचा जिल्हा हिंगोली झाला म्हणत्यात, पण सेनगावच्या रस्त्याला ते कुणी कळवलेलं दिसत न्हाई. खड्डे अजून परभणीचेच आहेत.

यांच्या सवारीच्या जीपचे मागचे शॉकअप ज्या ब्रॅकेटला टांगलेले असतात ते चेसिसपासून फाटलेत. गावात दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा निघालं. गाडी नुसती उड्या मारती, आणि यांच्या कमरेतून कळ निघून उजव्या पायात उतरती. परवा अंगणात चालताना पायातली चप्पल मागं राहिली, यांना पत्ताच न्हाई. दादा, तोच पाय ब्रेकवर असतो आणि मागं पंधरा माणसं बसलेली असत्यात. विचारलं तर म्हणत्यात, गाडी आदळती म्हणून होतं. तुझ्याकडून ब्रॅकेट करून घ्या म्हणलं, तर बायकोच्या माहेरचं लोखंड माझ्या गाडीला नको, असं म्हणून दोन दिवस अबोला धरला.

गाडी गेली की परत येईस्तोवर माझ्या जिवात जीव नसतो. मी पायाचं लिवलं हे त्यांना कळू देऊ नको, तुला माझी आण. उत्तर शेजारच्या द्वारकाबाईच्या नावानं टाक. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
शालू


नांदेड,
११ मे १९९९

चि. सौ. शालूस संतरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र गॅरेजातच वाचलं. जावईबापूंच्या रुसव्यावर औषध सापडलं आहे. रविवारी धोंड्याचा महिना लागतो. जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं, आणि धोंड्याचं वाण नको म्हणायची कोणत्या जावयाची छाती न्हाई. वाणाला भोकं असलेली वस्तू लागती, म्हणून लोक अनारसे देत्यात. मी ब्रॅकेट देतो. जाड पट्टीचे, एकेकाला चार भोकं, एकाच्या वर एक. म्हणजे शॉकअप वर-खाली सरकवता येईल.

तेवीस तारखेला दोघं जीप घेऊन या. तुझी निर्मलावहिनी तबकात दिवा लावून ब्रॅकेट ओवाळून देईल. जावईबापू पुरणाचे धोंडे खाऊन लवंडले की मी गाडीखाली शिरतो. पायाची काळजी करू नको, गाडी बराबर झाली की पाय बराबर होईल.

तुझ्या माहेरचा,
दादा


नांदेड,
३ जून १९९९

रा. रा. किशनराव यांस संतरामचा स. न. वि. वि.

शालूच्या कार्डावरून कळलं, की माणसं भरली की गाडी मागून हातोडा मारल्यासारखी आदळती आणि तुमचं दुखणं वाढलं. चूक सगळी माझी. तुमी दोघंच जेवायला आलात आणि मी रिकाम्या गाडीवर माप घेतलं. रिकामी गाडी उंच उभी राहती. पंधरा माणसं बसली की स्प्रिंगचे पाटे दबत्यात, आणि शॉकअप तळाला जाऊन ठोकतो. वीस वर्षं हे काम करून राहिलो आणि घरचं कार्य म्हणून एवढं विसरलो.

आता असं करा. गाडी दारातच उभी करून माणसांनी भरा. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टात चौदा इंच तरी अंतर पाहिजे. कमी भरलं तर वरचा बोल्ट काढून एक भोक वर घाला. नट शेवटचा आवळायचा तोही माणसं बसलेली असतानाच. तुमी मात्र वाकू नका. राग धरला असंल तर पुढच्या धोंड्याला काढा.

आपला,
संतराम


गोरेगाव,
१० जून १९९९

ती. दादास शालूचा शि. सा. न.

तुझ्या सांगण्याबराबर सगळी गल्ली गाडीत बसवली. गाडी भरून राहिली हे पाहून द्वारकाबाई पिशवी घेऊन आल्या आणि सेनगावला उतरायचं म्हणून पुढं बसल्या. गाडी जाणार न्हाई म्हणलं तर म्हणे, मग भरली काहून? खाली मीच शिरले. टेप धरला तर बारा इंच. दोन्हीकडचे बोल्ट एक भोक वर घेतले, चौदाला थोडं जास्तच भरलं. पान्यानं हात सोलला, पण आवाज गेला. आता गाडी खड्ड्यातून अलगद निघती.

हे मात्र गप गप असत्यात. गाडी बराबर झाल्यावर माणसानं हसावं का न्हाई? पायाचं विचारलं की उठून बाहेर जात्यात. मला कायबी सुचत न्हाई, दादा.

तुझी,
शालू


गोरेगाव,
२० जून १९९९

रा. रा. संतरामदादांस किशनरावचा सा. न. वि. वि.

ब्रॅकेट फार चांगले झाले. वाण म्हणून घेतले, पण मनापासून आवडले.

दुसरं लिहायला हात धजत न्हाई. काल सेनगावच्या अलीकडं शेळ्या आडव्या आल्या. गाडी आदळलेली न्हाई, कमरेत कळ न्हाई. मी ब्रेक दाबला असं मला वाटलं. गाडी थांबंना म्हणून खाली पाहिलं, तर पाय ब्रेकच्या बाजूला होता. हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. मागं माणसं हसून राहिली होती, त्यांना कायच कळलं न्हाई.

इतके दिवस मी गाडीला नावं ठेवत होतो. आता गाडीत खोट राहिली न्हाई, मग ही खोट कुणाची? लई भ्या वाटून राहिलं. शनिवारी वऱ्हाड न्यायचा शब्द देऊन बसलो आहे. शालूला यातलं कायबी माहीत न्हाई. ती धसका घेईल, तिला सांगू नका. तुमाला माझी आण.

तुमचा,
किशनराव


नांदेड,
२३ जून १९९९

किशनराव आणि शालू, दोघांस संतरामचे आशीर्वाद.

तुमी दोघांनीही मला आण घातली. आज दोन्ही मोडतो, पाप लागायचं ते मला लागू द्या. शालूचं सहा मेचं पत्र आणि किशनरावांचं वीस जूनचं पत्र या पाकिटात घातलं आहे. आपलं बाजूला ठेवून दुसऱ्याचं वाचा. टपालाला उशीर होईल म्हणून पाकीट सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं देतो.

गाडी दारातून हलू नये. मी शुक्रवारी पोचतो. शनिवारचं वऱ्हाड मी नेतो, किशनराव शेजारी बसतील. सोमवारी तिघं मिळून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. पुढं गाडी कोण चालवायचं ते मग बसून बघू.

शालू, तू मला पायाचं लिहिलं होतंस. मला लोखंडाचं कळतं, म्हणून मी गाडी दुरुस्त करत बसलो.

तुमचा,
दादा