हुकलेलं इंजेक्शन

प्रिय दोकशिम,

तुझं पत्र आलं. टपालवाला पाकीट माझ्या हातात देत म्हणाला, "आजी, हे कुठल्या पहिलीतल्या पोराचं दिसतंय." अक्षरं अशी एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती की मलाही आधी तसंच वाटलं. मग खाली तुझं नाव वाचलं. वर पाच ओळी. 'बुन्निम, मी चालते. दोन्ही गुडघे नवे. जिना चढते. लेकीने म्हाताऱ्यांच्या शाळेत घातले. सभेला येते.' उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग भाताच्या कुकरवर ठेवलं आणि दिवसभर तिकडे बघायचं टाळलं.

मला आनंद झाला असं तुला लिहावं तर ते अर्धंच खरं होईल. मला राग आला. आपल्या वयाच्या बायकांत गावात वाचता येणारी मी एकटी होते. औषधांच्या पाकिटांवरून आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून माझी मी शिकले. तू विजेच्या बिलापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत सगळं माझ्याकडे घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, "वाच गं बाई, मला तर सगळे किडेच दिसतात." तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे असं हे एवढंच होतं. आता गुडघेही तुझेच नवे आणि अक्षरंही तुझीच नवी. हे पत्र मोठं होणार आहे. एका दमात वाचू नकोस. लेकीलाही वाचायला देऊ नकोस, तूच वाच.

आधी सभेचं सांगते. ती बावीस तारखेला आहे, गावच्या सभागृहात, सकाळच्या भरतीच्या वेळी. त्यात तुझ्या नावाचा विषय आहे. अख्ख्या हंगामात एकदाही चिखलावर सरकायची फळी आत घातली नाही की खुब्या-शिंपल्यांच्या संघाच्या यादीतून नाव जातं, तुला ठाऊकच आहे. खालच्या आळीला राहायला आलेलं ते नवीन जोडपं दोन वर्षं जागा रिकामी व्हायची वाट बघतंय. अध्यक्ष योंगदाल परवा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "दोकशिमकाकूंनी आपणहून सोडलं. ऑपरेशन करून लेकीकडे गेल्या, सुखात आहेत. आजारपण आलं असतं तर गोष्ट वेगळी. नियम तो नियम, काकू." मी त्याला बार्लीचा चहा दिला. एकदा नाव गेलं की ते परत येत नाही, आणि चाळीस वर्षं ज्या चिखलात तू खुबे वेचलेस तिथे तुला काठावरून बघावं लागेल. तुझ्या नवऱ्यानं हे तुला कळवलं नसणारच. छिलबोकभावजी बरे आहेत. सभागृहातच जेवतात. मी किमची नेऊन दिली तर म्हणाले, "वहिनी, तिच्या हातची यापेक्षा खारट असते, पण ही चालेल." तू नसलीस तरी ओहोटीला ट्रॅक्टर घेऊन काठावर येतात आणि इतर बायकांची पोती उचलतात. सवयीनं तुझा गरम पाण्याचा थर्मासही आणतात आणि तसाच परत नेतात.

तो थर्मास मी किती वर्षं बघितला असेन. आपण दोघी एकाच ओहोटीला परतायचो, गुडघ्यापासून गळ्यापर्यंत चिखल, आणि काठावर तुझा माणूस उभा. आधी तुझी पोती, मग माझी. आधी तुला पाणी, मग उरलेलं मला. माझा फानसोक गेल्यापासून सहा हिवाळे मी ते उरलेलं पाणी प्यायले. ते गरमच असायचं. तक्रार त्याची नव्हती.

गुडघ्यांचं तर आपलं बरोबरच सुरू झालं. डावा गुडघा फळीवर टेकून उजव्या पायानं चिखल मागे ढकलायचा, असे चाळीस हिवाळे, म्हणजे काय होणार. बॉलग्योच्या बाजारपेठेत कू डॉक्टरांकडे पहिल्यांदा तूच मला घेऊन गेलीस. सकाळची पहिली बस, आणि दवाखान्यात पोचलो तर आपल्या आधी अकरा बायका, सगळ्या आपल्यासारख्या फेंगड्या. आपण त्याला हाडाचं इंजेक्शन म्हणायचो आणि डॉक्टर दर वेळी वैतागायचे. "आई, ते हाडात जात नाही, सांध्यात जातं. स्टेरॉईड आहे. दुखणं झाकतं, झीज भरून काढत नाही." आणि तू म्हणायचीस, "झाका हो, डॉक्टर. तेवढ्यासाठीच तर आलोय." आधी मोठ्या सुईनं ते पिवळं पाणी काढायचे, मग दुधासारखं पांढरं औषध आत. सुई आत असताना तू माझ्याकडे बघून डोळा मारायचीस. मी मात्र छताकडे बघायचे.

दोन दिवस विश्रांती घ्या, पाणी लावू नका, असं ते दर वेळी सांगायचे. आणि तू बाहेर पायऱ्यांवर म्हणालीस, "चिखल म्हणजे काही पाणी नव्हे." दुसऱ्या दिवशी आपण दोघी चिखलात. गावातल्या सगळ्याच बायका तसं करतात. दुखायचं थांबलं की वाटतं बरं झालं, आणि बरं झालं की ओहोटी फुकट कोण घालवणार. चूक होती ती, आता मला कळतं. तेव्हा वाटायचं की डॉक्टरला खुब्यांमधलं काही कळत नाही.

पण औषध एकच असून तुला ते सहा सहा महिने पुरायचं आणि मला तीन आठवडे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी न्हाणीघराच्या भिंतीला धरून उठायचे आणि तू समोरच्या बांधावरून मुळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन जायचीस, आणि वर ओरडायचीस, "काय गं, अजून झोपलीस का?" त्या वेळी मी तुला काय काय म्हटलं असेल ते इथे लिहीत नाही. डॉक्टर तीन महिन्यांच्या आत परत सुई लावायचे नाहीत. मी वाट बघायचे. कॅलेंडरवर खुणा करत, दात खाऊन.

आणि ती फळी. तुला आठवत असेल, फानसोक आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे दोन फळ्यांचं लाकूड वाळत होतं, एक तुझ्यासाठी, एक माझ्यासाठी. तुला त्यानं अंगणात स्टुलावर बसवलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत वितीनं माप घेतलं, जसं तो गावातल्या सगळ्या बायकांचं घ्यायचा. तू म्हणालीस, "अरे, गुदगुल्या होतात." तो म्हणाला, "हलू नकोस, नाहीतर फळी वाकडी जाईल आणि तू चीनला पोचशील." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. माझं माप त्यानं लग्नानंतर कधीच घेतलं नाही. मी म्हटलं की म्हणायचा, "तुझं मला पाठ आहे." तुझी फळी त्यानं पुरी केली. पुढचा वळलेला भाग धुरावर शेकून, पंधरा दिवस दगडाखाली दाबून. माझं लाकूड तसंच राहिलं. वसंतात तो गेला. ते लाकूड अजून गोठ्याच्या मागे उभं आहे, दुसऱ्या कुणाला द्यायचा जीव होत नाही. मी त्याच्या जुन्या फळीवर गेले, डागडुजी केलेल्या, आणि माझ्यापुढे तू त्याच्या हातच्या शेवटच्या फळीवर. वाकडं काही नव्हतं. तुझ्या मनात नव्हतं, त्याच्या तर नव्हतंच. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी सहा वर्षं मी तुझ्या पाठीकडे बघत चिखल ढकलला.

आता त्या दिवसाबद्दल. नोव्हेंबरचा शेवट, नव्या हंगामासाठी चिखल उघडायला चार दिवस. आपण कू डॉक्टरांच्या बाकावर बसलो होतो. सप्टेंबरमध्ये तुझी लेक तुला सुनचॉनला घेऊन गेली होती आणि तिथल्या दवाखान्यात दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शन दिलं होतं. त्याची चिठ्ठी तू मलाच वाचायला दिली होतीस. 'इथे सांगायचं नाही हं, नाहीतर हा देणार नाही,' असं तू कानात म्हणालीस, आणि मी मान हलवली. मग तू दोन्ही गुडघे चोळत म्हणालीस, "यंदा सगळ्यांच्या पुढे जाणार बघ. फानसोकनं ती फळी काय करून ठेवलीय गं, गुडघा असा बसतो जसा त्याच्या तळहातावरच ठेवलाय." तू माझ्या मांडीवर थाप मारलीस आणि हसलीस. तेवढ्यात नर्सनं माझं नाव पुकारलं.

मी बाहेर आल्यावर तू आत गेलीस आणि अर्ध्या तासानं क्ष-किरणांचा फोटो घेऊन बाहेर आलीस. "दिलं नाही," म्हणालीस. "म्हणतो, हाडाला हाड घासतंय, आता सुई नाही, कापायचंच. याचे कान कुणी भरले की काय." आणि हसलीसच. मी तुला बसथांब्यावर गोड पुरणाचे वाफवलेले पाव घेऊन दिले. तू दोन खाल्लेस. चार दिवसांनी चिखल उघडला आणि तू काठावर काठी घेऊन उभी होतीस. फळी मात्र घासूनपुसून आणली होतीस. आत पाऊल टाकलंस, कळवळून खाली बसलीस, आणि छिलबोकभावजींनी तुला पाठीवर घेऊन घरी नेलं. महिन्यात ऑपरेशन. गाव म्हणालं, बरं झालं, लेकीनं शहाणपणा केला. योंगदाल म्हणतो, काकूंनी आपणहून सोडलं. आणि पुढच्या वेळी मी इंजेक्शनला गेले तेव्हा कू डॉक्टर सुई भरता भरता म्हणाले, "आई, तुमच्यासारखी मैत्रीण प्रत्येकीला असावी." मी छताकडे बघितलं.

दोकशिम, डॉक्टरांना मी सांगितलं. मी आत गेले तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, "बाहेरच्या आईंनाही तीन महिने झाले ना?" मी 'ठाऊक नाही' म्हणू शकले असते. मी सुनचॉनच्या दवाखान्याचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, दोन्ही गुडघे म्हणून सांगितलं, कारण ती चिठ्ठी मीच वाचली होती. ते म्हणाले, मग आज सुई नाही, आधी फोटो काढू. लोकांना कळलं तर म्हणतील, हिनं तिच्या भल्यासाठीच केलं, आणि तुझे नवे गुडघे दाखवतील. तू तसं मानू नकोस. तुझ्या गुडघ्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मला एक हंगाम तुझी पाठ बघायची नव्हती. चिखल उघडला त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होते आणि खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. दोन दिवस. मग मागे वळून बोलायला कुणी नव्हतं. फोनवर हे सांगता आलं नसतं, तू काहीतरी बोलून हसली असतीस आणि मी परत गप्प बसले असते. बावीस तारखेला मी सभेत उभी राहणार आहे. दोकशिमनं आपणहून सोडलं नाही, ती फळी घेऊन काठावर आली होती, तिचं इंजेक्शन माझ्यामुळे हुकलं आणि कशामुळे तेही सांगणार आहे, म्हणजे नाव काढायचंच असेल तर कुणाचं काढायचं ते त्यांनी ठरवावं. योंगदालला मी कालच सांगून आले. सभेत इतरांच्या तोंडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस म्हणून हे पत्र. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस, तर बसमधून त्या नव्या गुडघ्यांवर उतरताना तुला बघून मी पुन्हा जळेन, तेही आत्ताच सांगून ठेवते. तरीही ये.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
बुन्निम