काकूला काही त्रास नव्हता

चि. सुश्रुत यास,

कोल्हारहून हेमूकाकाचे अनेक आशीर्वाद. तुझं पोट, तुझी झोप आणि तुझा तो संगणक, तिघांचीही प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. फोन केला की तू "काका, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून पत्र. (पत्राला मीटिंगबाहेर थांबता येतं.)

तू पाठवलेला अहवालाचा मसुदा वाचला. रक्तदाबाची ती नवी गोळी सगळ्या सरकारी दवाखान्यांत द्यावी, असं तुम्ही सरकारला सुचवणार, कारण कोल्हारातल्या बहुतेकांनी "काही त्रास नाही" असं सांगितलं. त्या सांगणाऱ्यांत तुझी लीनाकाकू आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची माहिती गोळा करणारी मनवा मे महिन्यात भर दुपारी आली. आता दारात आलेल्या पाहुणीसमोर आपल्याकडे कोणी आजारपण काढतं का? लीनाने तिला पन्हं दिलं, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि तिचीच चौकशी सुरू केली. वेळेवर जेवतेस का, केस का गळतात, लग्नाचं काय? त्या पोरीने बिचारीने सगळी खरी उत्तरं दिली. मग तिने विचारलं, गोळीने चक्कर वगैरे येते का? "छे गं, काही त्रास नाही," म्हणत लीना दुसरा लाडू आणायला उठली, ती भिंत धरून. मी तोंड उघडलं तर तिने डोळे वटारले. (ते डोळे तुला माहीत आहेत. त्यांच्यापुढे तुमच्या सरकारचंही काही चाललं नसतं.) मनवा खाली मान घालून टॅबवर बोट फिरवत होती.

पंधरवड्याने लीना मोरीत चक्कर येऊन पडली, खुबा मोडला, आणि महिन्याभरात गेली. तू आला होतास, माझ्याहून जास्त रडलास. डॉक्टर म्हणतात, गोळीमुळेच असं सांगता येत नाही. नसेलही. पण चक्कर होती, हे मी छातीठोक सांगतो. फार आठवण येते रे तिची.

परवा शेजारच्या लंकाबाईंना विचारलं. त्याही तीच गोळी घेतात. म्हणाल्या, "चक्कर येती की लई. पन ती पोरगी एवढ्या उन्हाची आल्ती, तिला कसं सांगायचं? तिचा पगार कापला आसता म्हंजे?" अशा लंकाबाई गल्लीभर आहेत. तेव्हा सरकारला काही सुचवायच्या आधी पुन्हा माणूस पाठव, आणि त्याला बजाव की कोणाच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नकोस.

तुझा,
हेमूकाका

ता. क. काकूचं उत्तर तेवढं बदल. ती रागावलीच तर माझं नाव सांग.

ता. क. मनवा काल पुन्हा येऊन गेली. आता एकटे असता, जेवण, झोप कसं काय, असं विचारत होती. मी तिला लाडू दिला (विकतचा) आणि म्हणालो, एकदम मजेत. तेही उत्तर धरू नकोस. जमलं तर येऊन जा.