जागा धरली, समुद्र राहिला

तांडापेठ, नागपूर
ता. ९ जानेवारी १९७७

चिरंजीव ताराचंद यास, तुझे एकुलते एक भाऊजी बाबनराव यांचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही उभयता सुखरूप पोचलो. तुझा खोकला, सौ. गोपिकाची दाढ आणि तुमच्या शेजाऱ्यांचा रेडिओ यांपैकी काय काय बंद झाले ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त माझी कंबर बसली तर उठत नाही आणि उठली तर बसत नाही. (याचे कारण पुढे येईल, आणि ते कारण बहुतांशी तूच आहेस.) आता हे पुस्तकी मराठी इथंच पुरे करतो गा. एवढ्यानंच हाताले घाम आला. पुढचं आपल्या बोलीत लिहितो. गोपिकाबाईले नाही समजलं तं तू वाचून दाखवजो, पण तिच्याबद्दलचं जे आहे ते गाळून वाचजो.

पहिले हे सांगतो की पाहुणचारात तू काही कमी केलं नाही. खोली लहान आहे, पण मन मोठं आहे, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. (रात्री माह्या पायाशी कोण झोपलं होतं ते मले अजून समजलं नाही.) तू तं आल्याबरोबर म्हटलं होतं, भाऊजी, चला, चौपाटीवर समुद्र दाखवतो. मीच नाही म्हटलं. काहून? तं ऐक. आमच्या आख्ख्या आळीत समुद्र पाहिलेला एक माणूस नाही. आम्ही निघालो तवा आमच्या मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव स्टेशनवर हार घेऊन आले होते, तुह्या बहिणीले गजरा होता. अशा माणसानं शहरातला समुद्र पाहायचा काय? भेळवाले, फुगेवाले, सारी मुंबई रोज पाहून पाहून उष्टा केलेला! मी ठरवलं, पाहीन तं तिकीट काढून, निसर्गरम्य ठिकाणी जाऊन, पहिल्या धारेचा पाहीन. अन् दुसरी एक गोष्ट तुले माहीत नाही. माहे वडील मागावर एका निळ्या रंगाचं लुगडं विणत, त्याले म्हणत समुद्री. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आता मी इतवारीत दुकानात बसून तोच रंग विकतो. गिऱ्हाईक बाई विचारते, समुद्र असाच असते काय जी? मी म्हणतो, अगदी असाच बाई. म्हणून एकदा डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यायची होती. जीव लागला होता त्याच्यात माहा, खरं सांगतो.

तं तू त्या ‘सागरकन्या’ यात्रावाल्याकडची दोन तिकिटं आणली. एका दिवसात अलिबाग, नागाव, रेवदंडा, नाश्ता अन् निसर्ग धरून. सकाळी तू आम्हाले मोटारीपाशी सोडलं. मोटार दिसल्याबरोबर मी धावलो, खिडकीतून उपरणं टाकलं, पिशवी टाकली, अन् मंग दारातून घुसलो. (आत कोणीच नव्हतं. क्लीनर झाडू मारून राहिला होता, उपरणं त्याच्या डोक्यावर पडलं.) तू हसला. म्हणे भाऊजी, तिकिटावर नंबर आहे, जागा पक्की आहे. ताराचंद, तू मुंबईले गेला अन् भोळा झाला. नंबर तिकिटावर असते, माणूस जागेवर असते. उमरेडच्या मोटारीत मी एकदा पाणी प्यायले उतरलो, तं परत येईपर्यंत माह्या जागेवर एक बाई, तिची दोन लेकरं अन् एक बकरी. बाईले उठवता येते, पण बकरीसंग काय वाद घालशील? तवापासून मी एकदा बसलो की मुक्काम आल्याशिवाय उठत नाही. मी यमूले, म्हणजे तुह्या बहिणीले, सांगून टाकलं, दोघंही उतरलो तं दोन्ही जागा जातीन. तू उतर, पाहून ये. मी धरून ठेवतो. पुढच्या ठिकाणी मी उतरीन.

मोटार निघाली. एक गाईड होता, कुरळ्या केसांचा, त्याच्या हातात भोंगा. तो आमच्याकडे पाहून बोले, रस्त्याकडे पाठ करून. त्याच्यामुळं तो जे डावीकडे म्हणे ते आमच्या उजवीकडे राहे, अन् आम्ही मान वळवेपर्यंत ते मागं जाये. एका ठिकाणी मोठा पूल आला, खाली पाणीच पाणी. मी चपला काढल्या, हात जोडले, डोळ्यात पाणी आलं माह्या. तं हा भोंग्यातून साऱ्या मोटारीले सांगते, काका, ही खाडी आहे, समुद्र नव्हे. लोक हसले. आता मले सांग, एवढं पाणी असून समुद्र नाही तं तिथं पाटी काहून नाही लावत? मी जोडलेले हात तसेच डोक्याले लावले, जसा काही केस सारखे करून राहिलो.

बाकीची माणसं सारी मुंबईची. यायले मी आजपर्यंत समजू शकलो नाही. घराजवळ समुद्र, तो सोडून दूरचा समुद्र पाहायले पैसे भरून येतात, अन् गाडीत बसल्यापासून पत्ते खेळतात. पुढच्या बाकावर एक अंजनाबाई नावाच्या दांडग्या बाई होत्या, दादरच्या. त्या दर दहा मिनिटांनी गाईडले विचारत, चहा कुठं आहे? समुद्राचं त्यायनं एकदाही विचारलं नाही. अन् आम्ही दोघं नागपूरची थंडी अंगावर घेऊन, मी कानटोपी अन् स्वेटर, यमू शाल. घामानं पार भिजलो. पण स्वेटर काढून ठेवला कुठं असता? बाकावर ठेवला तं बसायचं कुठं, अन् वर ठेवला तं गेला समज.

अलिबाग आलं. सारे धडाधड उतरले. यमू म्हणे, चला न जी. मी म्हटलं, तू पाहून ये, नागावले मी उतरतो. मोटार उभी केली होती एका भिंतीच्या मागं. त्या भिंतीवर कोणाची तरी तेलाची जाहिरात होती, ती मी मन लावून वाचली. पंधरा-वीस मिनिटांनी मंडळी परत आली. अर्धे त्या गाईडच्या साडूच्या दुकानातून कोकमाच्या बाटल्या घेऊन आले. (गाईडले सगळ्याच गावी साडू आहेत. एवढ्या साळ्या असलेला माणूस मी पाहिला नाही.) यमू आली तं तिचं तोंड कसं उजळलं होतं, काय सांगू. मी विचारलं, कसा आहे वं? ती म्हणे, मोठा आहे. एवढंच. लगनाले तीस वर्षं झाली, ही बाई भाजीत मीठ कमी आहे हे अर्धा तास सांगते, अन् समुद्राले दोन शब्द!

मंग आलं नागाव. तिथं नारळाच्या बागा, त्याच्या पलीकडे समुद्र आहे असं गाईडनं सांगितलं. मी बागाच पाहिल्या. इथं क्लीनरले माही दया आली. पोरगा भला. म्हणे, काका, रिझर्व आहे सीट, कोण घेणार? उतरा, एवढ्या लांबून आलात. मले पटलं गा ताराचंद. खरंच सांगतो, पटलं. मी एका जागेवर उपरणं टाकलं, त्यावर पिशवी, दुसऱ्या जागेवर कानटोपी, तिच्यावर डब्बा अन् त्याच्यावर एक चप्पल, अन् एकच चप्पल घालून खाली उतरलो. झाडातून वारा येऊन राहिला होता, खारट खारट. मी धावलो तं नाही, पण पाय आपोआप उचलत होते. दहा पावलं गेलो असीन. सहज म्हणून मागं पाहिलं. तं अंजनाबाई माह्या जागेवर! माह्या उपरण्यानं वारा घेऊन राहिल्या होत्या अन् चप्पल खाली पडली होती.

मी तसाच परत. म्हटलं, बाई, ही जागा धरलेली आहे. त्या म्हणतात, अहो, मी फक्त सावलीत बसले, माझ्या बाजूला ऊन आहे. मी म्हटलं, उमरेडलेही असंच म्हणाले होते. त्या म्हणाल्या, कोण उमरेड? मंग मी त्यायले बकरीची सारी हकिकत सांगितली. त्या उठल्या. (बकरीशी तुलना त्यायले आवडली नाही बहुतेक. तुलना मी केली नव्हती, पण त्यायनी ती लावून घेतली.) तेवढ्यात शिटी वाजली, मंडळी परत. मी क्लीनरकडे पाहिलं. तो माह्याकडे पाहेना. आता तूच सांग, माहं चुकलं होतं काय?

शेवटचं रेवदंडा. तिथं जुना किल्ला आहे, त्याची लांब काळी भिंत, अन् भिंतीच्या त्या अंगाले समुद्र. मोटार या अंगाले. गाईड म्हणे, सूर्यास्त पाहायले चला, हाच खरा नजारा. पत्तेवाले पत्ते टाकून उठले. अंजनाबाईसुद्धा उठल्या, चहा न मागता. यमू दारात थांबली अन् म्हणे, आता तरी चला, मी बसते. मी म्हटलं, तुह्याच्यानं ती बाई उठणार नाही. जा तू. ती गेली. क्लीनरही गेला. मोटारीत मी एकटा.

अन् तवा मले तो ऐकू आला. सकाळपासून कोणी ना कोणी बोलून राहिलं होतं म्हणून ऐकू आला नव्हता. धाड... धाड... थांबून थांबून. आमच्या लहानपणी तांडापेठेत पहाटे साऱ्या घरचे माग एकदम सुरू व्हायचे, तसा. मले वडिलांची आठवण झाली. भिंतीवरचं आभाळ लाल झालं, मंग काळं झालं. मी दोन्ही जागांवर हात पसरून बसलो होतो अन् मले भल्लं रडू येऊन राहिलं होतं. जागा मात्र कोणाची हिंमत झाली नाही घ्यायची.

यमू आली ती लुगड्याचा काठ ओला करून, पायाले रेती. फिरकीचा तांब्या पुढं केला. सकाळपासून पाण्यासाठीही मी उतरलो नव्हतो, घसा कोरडा पडला होता. मी तांब्या तोंडाले लावला अन् अर्धा गटागटा पिऊन टाकला. ताराचंद, समुद्राचं पाणी होतं ते! तिनं मले दाखवायले आणलं होतं. पुढचा सारा रस्ता माहा खिडकीतून मान बाहेर काढण्यात गेला. परत येताना समुद्र माह्या बाजूले आला होता म्हणतात, पण तवा सगळा अंधार. घरी तू विचारलं, भाऊजी, कसा होता समुद्र? मी म्हटलं, जोरदार. पोटात जे चाललं होतं त्यावरून म्हटलं.

असो. सौ. गोपिकाले सांगजो की तिनं दिलेला आंब्याच्या लोणच्याचा डब्बा इकडे पोचला, तेल मात्र माह्या स्वेटरमध्ये पोचलं. लहानग्यांना पापा. कळावे, लोभ होताच, या पत्रानंतर असू द्यावा.

तुझा भाऊजी,
बाबनराव

ता. क. आता खरं काम. मनोहररावांनी सव्वीस जानेवारीले झेंडावंदनानंतर माहं भाषण ठेवलं आहे. विषय ‘मी पाहिलेला समुद्र’. पत्रकं वाटून झाली, फळ्यावरही लिहून झालं. तरी तू उलट टपाली सविस्तर कळव की समुद्र कसा असते. तो सुरू कुठून होते, कडेले काही बांधलेलं असते काय, लाट एकाच बाजूनं येते की दोन्हीकडून, परत गेलेलं पाणी तेच येते की दुसरं, अन् पाहताना माणसानं उभं राहावं की बसावं. पोट्टे प्रश्न विचारतीन. कार्ड पाठवू नोको, आमचा पोस्टमन चौकात वाचून दाखवते. पाकीटच पाठव. अन् जास्त सुंदर करून लिहू नोको, मले तोंडपाठ करायचं आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र बंद करायच्या आधी मी यमूले शेवटचं विचारून पाहिलं, म्हटलं, तू तं तिन्ही ठिकाणी उतरली, थोडं सांग न वं. ती पोळ्या लाटून राहिली होती. हात थांबला तिचा. लाटणं बाजूले ठेवून म्हणे, ते सांगून नाही होत जी. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊ. तवा तुम्ही उतरा, जागा मी धरून बसते. ताराचंद, आजवर माह्यासाठी एवढं कोणी बोललं नाही. मी चुलीपाशीच बसून राहिलो. तं पुढच्या डिसेंबरची दोन तिकिटं आतापासूनच सांगून ठेवजो, उजवीकडची. फक्त तुह्या बहिणीले एकदा तू समजावून सांगजो, माहं ती ऐकत नाही. तिले बसल्याबसल्या झोप लागते. तिथं डोळा लागला तं जागा जाईन.