खिडकीजवळचं दुसरं ताट

४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उघडलं एकदाचं हॉटेल! ब्रेडची गाडी रोज सकाळी शहरातून इकडे भरून येते आणि रिकामी परत जाते. ड्रायव्हरकाकांनी आपली पत्रं न्यायचं-आणायचं कबूल केलंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुमच्याशी बोलायला लागले की इकडे कढईतलं करपतं आणि हे गल्ल्यावरून डोळे मोठे करतात.

जागा छोटी आहे, पण उजेडाची. स्वयंपाकघर एवढं अरुंद की मोठं पातेलं आत आलं की मी बाहेर. वर राहायची खोली. यांनी नोकरी सोडलीय, तेव्हा आता हे चाललंच पाहिजे. नाहीतर दोघांनाही या वयात पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली उभं राहावं लागेल. शेजारचे शिंपीकाका पहिल्याच दिवशी सांगून गेले की या गाळ्यात आधी एक केकवाली होती, त्याआधी मासे तळणारे, त्याआधी सूपवाले, आणि कुणाच्याच पाटीवर धूळ बसायला वेळ मिळाला नाही. एवढं अभद्र बोलून वर दोनदा भात मागून घेतला.

दादाने बजावलंय, तुझ्या वहिनीसारखा समुद्र वाढू नकोस म्हणून. रागावू नका हं! पण तुमच्या हॉटेलचं शेवटी काय झालं ते आठवून मीठ टाकताना माझा हात आखडतोच. त्याचा परिणाम लगेच दिसला. भर दुपारी एक गृहस्थ खिडकीजवळच्या टेबलावर येऊन बसले. करडा कोट, बोलणं अगदी सभ्य. एकटेच, पण दोन ताटं मागवली आणि समोरची खुर्ची स्वतः उठून बाहेर ओढून ठेवली. कुणी आलं नाही. आपलं ताट त्यांनी नीट संपवलं, दुसरं जसंच्या तसं आत आलं. बाबांचा नियम तुम्हाला माहीतच आहे. भरलेलं ताट परत आलं, तर रांधणाऱ्याने चाखल्याशिवाय ते टाकायचं नाही. मी चाखलं. वहिनी, काही म्हणजे काही चव नव्हती. ओला कागद चावल्यासारखं लागलं. उद्यापासून हात सैल सोडते.

नव्या हॉटेलवालीवर जुन्या हॉटेलवालीचा लोभ राहू द्यावा,
तुमची
घारू


९ मार्च

चि. घारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ब्रेडच्या चुऱ्यासकट मिळालं. वाचून इतका आनंद झाला की तुझ्या दादाला दोनदा वाचून दाखवलं. समुद्राचा मजकूर आला तेव्हा त्याने पेपर तोंडासमोर धरला.

इकडे आपल्या रस्त्यावर पाट्या बदलायचा मोसम आलाय. कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान गेलं, तिथे नूडल्सवाले आले. त्यांच्यासमोरचे बिचारे कधी उघडले आणि कधी बंद झाले ते कळलंच नाही, नुसत्या कुंड्या मागे राहिल्यात. माझ्या हॉटेलच्या जागी आधी चपला होत्या, आता मोबाइल आहेत. मी पलीकडच्या फुटपाथवरून जाते. भेटेल तो म्हणतो, बरं झालं, दगदग सुटली तुमची. मी हसते.

माझ्या तोंडाला अजून चव नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून जीभ बघितली, त्यांना काही सापडलं नाही. तुझा दादा बटाटे उकडतो, मी खाते, आणि आमचा संसार शांततेत चाललाय. पण मिठाचं मात्र माझं ऐक. कमी पडलं तर टेबलावर डबी आहे, जास्त झालं तर त्यावर कुठलीच डबी नाही. मला तेव्हा रोज अळणीच लागायचं गं, आणि लोक पाण्याचे ग्लासच्या ग्लास रिचवून उठून जायचे. म्हणून सांगते, स्वतःच्या जिभेवर भरवसा नसेल तर नवऱ्याच्या जिभेवर ठेव.

जावईबापूंना नमस्कार. तुझ्या हातचं खायला बोलावशील तेव्हा येईन, मला काही लागणार नसलं तरी.
तुझी
वहिनी


१८ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

यांच्या जिभेवर भरवसा ठेवला आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणतात सूप तोंडात धरवत नाही. मी म्हटलं तुम्हाला सर्दी झालीय. पण काल शिंपीकाकांनी ताट बाजूला सारलं आणि काही न बोलता गेले. शिंपीकाका आणि गप्प, याची मला फार भीती वाटली. शाळेतल्या बाई येईनाशा झाल्यात, बँकेतली मंडळी आता पुढच्या चौकात जातात.

मी काय करू, वहिनी? तो करड्या कोटाचा माणूस रोज येतो. यांनी त्याचं नाव दोनताटे ठेवलंय. रोज दोन ताटं, रोज दुसरं परत, आणि रोज मी चाखते तेव्हा कालच्यापेक्षा अळणी. म्हणून मी मीठ वाढवते. आता तर पातेल्यातलंही मला तसंच लागायला लागलंय.

हसणार नसाल तर आणखी एक सांगते. ताट बाहेर जातं तेव्हा वाफाळत असतं. लगेच परत आणलं तरी थंडगार येतं, बर्फावर ठेवल्यासारखं. आणि त्याचा चेहरा कुणालाच नीट सांगता येत नाही. हे म्हणतात त्याला मिशी आहे, शिंपीकाका म्हणतात गुळगुळीत दाढी केलेला आहे, आणि मला नुसता कोट आठवतो. जेवून झालं तरी तो उठत नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहतो. मी चाखून चमचा खाली ठेवला की मग समोरची खुर्ची आत सारतो आणि जातो. आतलं त्याला बसल्या जागेवरून दिसत नाही, मी स्वतः बसून पाहिलंय.

माझा जीव टांगणीला लागलाय. लवकर लिहा.
घारू


१९ मार्च

चि. घारू,

आशीर्वाद. गाडी दाराशी उभी आहे, म्हणून घाईत लिहिते. ते ताट चाखू नकोस! मामंजींचा नियम होता हे मलाही माहीत आहे, त्यांची क्षमा मी मागेन, पण ते ताट सरळ फेकून दे.

तुझ्या पहिल्या पत्रात दोन ताटं वाचली तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं, पण तुझीही चव गेलेली वाचली आणि ओळख पटली. माझ्याकडेही तो यायचा. खिडकीचंच टेबल, ओढून ठेवलेली खुर्ची, दोन ताटं. मला वाटायचं बायकोची वाट बघतोय बिचारा, आणि ती काही येत नाही. मी मामंजींची सून, रोज इमानाने त्याचं परत आलेलं ताट चाखलं आणि रोज मिठाचा हात वाढवला. हॉटेल बंद झालं तेव्हा जीभही बंद झाली होती. मी आजवर म्हणत होते, दुःखाने झालं असेल.

खाली तुझ्या दादाला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणे.
वहिनी

घारू, मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या माणसाला मी एकदा विचारलं होतं, दुसरं ताट कुणासाठी सांगता? तो हसून म्हणाला होता, स्वयंपाकघरातल्या बाईंसाठी. मला ते तेव्हा कौतुक वाटलं, म्हणून मी हिला मोठ्या हौसेने सांगितलंही होतं. हिचं ऐक. — दादा


२३ मार्च

ती. वहिनीस आणि दादास,
सा. न.

फेकलं. पहिल्या दिवशी मी फेकलं, दुसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढून यांनी फेकलं. तो बसूनच राहिला. दुपार उलटली, आम्ही टेबलं पुसली, लादी पुसली, त्याच्या पायांभोवतीची सुद्धा पुसली. मग गल्ल्याशी येऊन त्याने यांना अगदी हळू विचारलं, बाईंनी आज घेतलं नाही का? हे इतके घाबरले की त्यांच्या तोंडून चुकून सॉरी गेलं.

त्यानंतर दुसऱ्या टेबलांवरूनही भरलेली ताटं परत यायला लागली. एका आजोबांनी घास घेतला आणि नुसते चावत बसले. शेवटी मला म्हणाले, मुली, यात काही घालायचं राहिलंय का? मी सवयीने चाखलं. तीच ओल्या कागदाची चव.

वहिनी, मी हरले. येत्या शनिवारी शटर ओढायचं आम्ही ठरवतोय. शिंपीकाकांनी पाटी उतरवायला शिडी देऊ का म्हणून विचारलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण मी आत जाऊन रडले.
घारू


२४ मार्च

चि. घारू,

शटर ओढायचं नाही. उद्या ब्रेडच्या गाडीतून मी येते. त्याचं ते दुसरं ताट मुळी आत परत येऊच द्यायचं नाही, ते बाहेरच संपलं पाहिजे. तू त्याच्यासमोर बसलीस तर तुझं उरलंसुरलंही जाईल. माझ्याकडे घालवायला काही राहिलेलंच नाही.

खुर्ची त्याने ओढली की मी बसणार. तू फक्त गरम वाढ.
वहिनी


२ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून तो फिरकला नाही. शिंपीकाकांनी काल सूप मागून घेतलं आणि यांच्या दंडावर थाप मारली. मिठाच्या डबीला मी आता भीत नाही. माझ्या जिभेवर हळूहळू सगळं परत येतंय, आज टोमॅटो आंबट लागला तर मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. हे म्हणतात, टोमॅटो आंबट असतो ही बातमी गावभर कर.

पण एक राहून राहून डोळ्यांपुढे येतं. मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही समोर जाऊन बसलात आणि मान खाली घालून जेवत राहिलात. शेवटी त्याने तुम्हाला काहीतरी विचारलं, तुम्ही काहीतरी बोललात, आणि तडक उठून तुमच्यासाठी थांबलेल्या ब्रेडच्या गाडीत जाऊन बसलात. मला जवळही घेतलं नाहीत. तो गेल्यावर त्याचं स्वतःचं ताट अर्धं भरलेलं होतं, पहिल्यांदाच. मी ते चाखलं नाही, नळाखाली धरलं.

त्याने काय विचारलं, वहिनी? आणि तुम्ही का रडत होतात? मला कळवल्याशिवाय राहू नका.
तुमची
घारू


६ एप्रिल

चि. घारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला जवळ घेतलं नाही याचा राग धरू नकोस. तिथे थांबले असते तर बोलून बसले असते, आणि तू मला परत येऊ दिलं नसतंस.

मी बसल्यावर तो म्हणाला, या, किती दिवस वाट बघायला लावलीत. आवाज इतका गोड की मला थंडी वाजली. मी वर बघितलंच नाही. ताट गरम होतं तोवर खायचं, एवढंच ठरवून आले होते. भुसा खाल्ल्यासारखा एकेक घास ढकलला. माझं ताट रिकामं होत गेलं तशी त्याच्या ताटावरची वाफ कमी होत गेली आणि त्याचा चमचा थांबला. अगदी शेवटच्या घासाला जीभ झोंबली. घारू, केवढं खारट केलं होतंस गं! तुझे ते शिंपीकाका जिवंत कसे राहिले? मला हसू आलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि इतक्या काळाने तोंडात आलेली चव जाऊ नये म्हणून मी पाणीसुद्धा प्याले नाही.

तेव्हा त्याने विचारलं, तुम्ही पुन्हा कधी उघडताय?

तुला सांगू, माझं हॉटेल बंद झाल्यापासून सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. तू केलंस, तुझ्या दादाने केलं, शेजारपाजारच्यांनी केलं. पुन्हा कधी उघडणार, हे मात्र मला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. ज्याने बंद पाडलं त्यानेच विचारलं. मी तोंड आवरायच्या आत म्हणून गेले, लवकरच. त्याने मान डोलवली, खुर्ची आत सारली आणि गेला. तुझ्याकडे तो आता येणार नाही. त्याला पत्ता मिळालाय.

आता ओरडू नकोस. नूडल्सवाल्यांसमोरची ती कुंड्यांची जागा मी घेतलीय. तुझा दादा चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी बाह्या वर करून जुनी शेगडी घासायला बसला. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. एखाद्या दिवशी गर्दीत मला बाहेर जाऊन त्याच्यासमोर जेवायला बसायला उशीर होईल, ताट आत येईल, आणि जीभ पुन्हा जाईल. पण काल मी कांदा परतला, त्याचा गोड वास घरभर गेला, आणि उकडलेल्या बटाट्यांकडे परत जायचं मला जमणार नाही हे मला कळलं.

उघडेन तेव्हा दोघं या. तोवर या खारट वहिनीवर माया तेवढी अळणी होऊ देऊ नकोस.
तुझी
वहिनी

ता. क. खुर्च्या आज आल्या. खिडकीजवळच्या टेबलाला दोनच ठेवल्या. मघाशी पुसायला गेले, तर त्यातली दाराकडची आधीच बाहेर ओढलेली होती.