अँब्रोजच्या नावाचा खेळाडू

हार्लन फॉल्स, ओहायो
२८ नोव्हेंबर १९०२

प्रिय नोरा,

तू बरी असशील. माझे गुडघे थंडीत कुरकुरतात. शाळेतली नोकरी सुटल्यापासून माझ्यापुढे कुरकुर करायची हिंमत फक्त त्यांच्यातच उरली आहे. तुझा सफरचंदांचा मुरंबा पोचला; साखर जास्त झाली आहे.

आजचं वर्तमानपत्र उघडू नकोस. आधी हे पत्र संपव.

कॉलेजच्या फुटबॉल संघाची कात्रणं तू प्रार्थनेच्या पुस्तकात जपतेस, ते मला कधीच आवडलं नाही. ‘टिअर्नीला अडवणं अशक्य’ असं छापून येतं आणि तू मला लिहितेस, बघ, आपला अँब्रोज कसा खेळतोय. नोरा, तुझ्या लेकाला, अँब्रोजला विषमज्वराने नेलं. ऑगस्टमध्ये त्याच्या पेटीवर आपण दोघींनी माती टाकली.

मेलेल्या मुलाचं नाव पहिल्यांदा छापून आलं, तेव्हाच मी प्रशिक्षक स्प्रेगला गाठलं होतं.

“नाव पटावर होतंच, बाई,” तो म्हणाला. “फी भरलेली. वाया कशाला घालवायचं?”

कुठल्याशा कोळशाच्या खाणीतून एक दांडगा पोरगा आणून त्याने त्या नावावर उभा केला होता. सगळीच कॉलेजं असं करतात म्हणे. नन्सनी शिकवलेलं सभ्य बोलणं मी त्या दिवशी घरीच ठेवून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो पोरगाच दारात. डोक्याला मार लागू नये म्हणून ही मुलं केस वाढवतात. त्याचे तर डोळ्यांवर आलेले.

“मला इथे एक मावशी आहे म्हणे. तिचा ओरडा खायला आलोय.”

“खरं नाव सांग.”

“हंगाम संपला की सांगतो. आत्ता सांगितलं तर मैदानावर त्यालाच ओ देऊन बसेन.”

“निर्लज्ज आहेस.”

“हो, मावशी. जेवायला काय आहे?”

हात धुवायला तो वर गेला. जिन्याची सैल पायरी त्याने न बघता ओलांडली, अँब्रोज ओलांडायचा तशी. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

मग तो दर रविवारी येऊ लागला. हे तुला कळवलं नाही.

काल थँक्सगिव्हिंगचा सामना होता. चेंडू छातीशी धरून तो धावला आणि समोरचे सगळे हातात हात अडकवून एकदम त्याच्यावर तुटून पडले. माणसांचा ढीग उपसला, तेव्हा तो तळाशी होता. लोक अजून “टिअर्नी, टिअर्नी” ओरडत होते. त्याला माझ्याकडे आणलं, कारण त्या नावाची नातेवाईक गावात मीच. संध्याकाळी गेला.

स्प्रेग टोपी हातात धरून आला. “खरं नाव आता कोण शोधणार? दगडावर टिअर्नीच लिहू.”

“एकाच आईला एकच मुलगा दोनदा पुरायला लावता?” असं म्हणून मी दार लावलं. पण दुसरं नाव मलाही ठाऊक नाही. कोणालाच नाही.

तो पुढच्या खोलीत आहे. रक्त धुताना मी त्याचे केस मागे सारले आणि पहिल्यांदाच त्याचा पूर्ण चेहरा पाहिला. तो कोणासारखा आहे, ते लिहिणार नाही. झाकून ठेवला आहे. तू येईपर्यंत कोणाला उघडू देणार नाही.

जाण्याआधी तो शुद्धीवर आला होता. “मावशी, आई आली का?”

मी म्हणाले, निघाली आहे.

खोटं बोलणाऱ्या मुलींना मी आयुष्यभर शिक्षा केल्या. माझं हे खोटं तेवढं तू खरं कर. मिळेल त्या गाडीने ये. त्याच्याकडे बघ, आणि मग तू सांगशील ते नाव दगडावर लिहू.

त्याच्या उशाशी बसलेली,
तुझी डीलिया