आईंच्या दातांचं काम

१४ एप्रिल

प्रिय खलाशीबुवा,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझी बोट कुठल्या पाण्यात असेल कोण जाणे. असशील तिथे बरा असावास. इकडे आम्ही सगळे मजेत. हे वाक्य आधीच उरकून टाकते, म्हणजे पुढे जरा मोकळं लिहिता येईल.

दर रविवारी फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. अरे, फोन दहा मिनिटांचा. त्यातली चार मिनिटं बाबा तुला हवामान विचारणार, तीन मिनिटं ताईच्या जुळ्या आधी कोण बोलणार यावरून भांडणार, मग आई "जेवतोस ना वेळेवर?" एवढंच विचारून बाजूला होणार. माझी पाळी येते तेव्हा फोन टेबलावर असतो, आवाज मोठा केलेला. तू विचारतोस, "सगळं ठीक ना?" मी म्हणते, "ठीक." खोलीतले सगळे माना डोलावतात. झालं आपलं बोलणं.

तुझी ताई दोन तारखेलाच मुलींना घेऊन आली. तिच्या घरातल्या फरशा उखडल्या आहेत, त्या पुन्हा बसेपर्यंत मुक्काम इथे. म्हणजे जून संपेपर्यंत. त्यात बाबांच्या क्लबाची रंगरंगोटी चालू आहे, म्हणून पत्त्यांचा अड्डा आपल्या बाहेरच्या खोलीत भरतो. दुपारी तीनला चौघे येतात आणि दिवे लागेपर्यंत उठत नाहीत. आईंचा चहा दिवसातून पाच वेळा उकळतो. आपल्या खोलीत जुळ्या झोपतात, मी आईंच्या खोलीत खाली गादी टाकते. तुझ्या कपाटात आता बाहुल्यांचा दवाखाना आहे. तुझ्या निळ्या स्वेटरवर एक शस्त्रक्रिया झाली, पेशंट वाचला नाही.

हे पत्र मी शाळेच्या गाडीत बसून लिहिते आहे. पुढचा विद्यार्थी यायला वीस मिनिटं आहेत. उन्हाळ्यात ड्रायव्हिंग शिकायला अख्खं गाव लोटतं, तुला माहीत आहेच. सकाळी सहा ते अकरा, संध्याकाळी चार ते सात. या खेपेला एक बेकरीवाला आहे, तो ब्रेक मारायच्या ऐवजी हॉर्न मारतो. त्याच्या शेजारी बसून माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवरून निघतच नाही. संध्याकाळी पोटरी दगडासारखी होते. शाळेचं फाटक, पाण्याची टाकी, गोल चौक, परत फाटक. दिवसाला साठ किलोमीटर गाडी पळते आणि मी टाकीच्या पलीकडे जात नाही.

बाबांची खुर्ची आता कायमची दाराशी आली आहे. वारा येतो म्हणतात. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न: कुठे? कशाला? किती वेळ? मी जाताना उत्तरं आधीच देते, म्हणजे त्यांचा आणि माझा वेळ वाचतो.

आईंच्या दातांचं काम काढलंय. डॉक्टरांकडे मीच घेऊन जाते, सकाळ-संध्याकाळच्या मधल्या वेळात. बरेच दिवस चालेल असं दिसतं. परवा बाबा म्हणाले, "तोंडात पूल बांधतायत की काय?" गाडीत बसल्यावर कोपऱ्यावरून वळेपर्यंत आईंचे खांदे हसण्याने हलत होते.

उत्तर पाठवलंस तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेली पाकिटं बाबा उघडतात, हे तुला मी सांगायला नको.

तुझी
मास्तरीण


११ मे

प्रिय खलाशीबुवा,

तुझं पत्र पोचलं. अर्धं पान इंजिनावर आणि शेवटी एक ओळ, 'आईचे दात कसे आहेत?' दात चांगले आहेत रे. ते मार्चमध्येच, तिसऱ्या खेपेला झाले.

आता बस आणि नीट वाच.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना उशीर होता. आईंना दवाखान्यात बसून कंटाळा आला, म्हणून मी त्यांना टाकीजवळच्या मैदानावर नेलं. तिथे मी मुलांना रिव्हर्स शिकवते. रिकामं होतं. मी गाडीतून उतरले आणि म्हटलं, या बाजूला बसून तर बघा. त्या म्हणाल्या, "ह्यांना चालणार नाही." मी म्हटलं, "ह्यांना कुठे शिकवतेय मी?" मग त्यांनी पर्स मागच्या सीटवर ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी बसल्या. चपला काढायच्या नसतात हे सांगायचा मला धीर झाला नाही.

तुझी आई वयाच्या बासष्टाव्या वर्षी गाडी शिकली. सहा वर्षांच्या नोकरीत इतका चांगला हाफ क्लच मी कुणाचा पाहिला नाही. म्हणाल्या, चाळीस वर्षं गॅस मोठा-बारीक करत आले, हाताला जमतं ते पायाला का जमू नये. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, यावर बेकरीवाल्याचा महिना गेला. आईंनी तिसऱ्या दिवशी उचलली. गाडीत त्या बोलतात, हे मला माहीतच नव्हतं. घरात आठ वर्षांत ऐकलं नसेल एवढं मी तिथे ऐकलं. लग्नाआधी त्या पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या, तुला माहीत होतं? नद्या काढायला आवडायच्या म्हणाल्या. पहिल्या महिन्यातच बाबांनी राजीनामा लिहून आणला, आईंनी सही केली.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा झाली. इंग्रजी आठाचा आकडा काढताना एकदाही गाडी थांबली नाही. अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, जाणार कुठे?" आई म्हणाल्या, "अजून ठरवलं नाही."

लायसन्स शाळेच्या पत्त्यावर येईल अशी माझी समजूत होती. ते आलं घरी. मंगळवारी दुपारी, ऐन पत्त्यांच्या डावात. बाबांनी पाकीट फोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, कुणा बाईचं लायसन्स चुकून आपल्याकडे आलंय. मग चष्मा लावून फोटो बघितला. समोरच्या पोस्टमास्तरांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. ते गेली तीस वर्षं आपल्याकडे येतात.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मित्र गेल्यावर त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं आणि विचारलं, ही कल्पना कुणाची. काहीतरी उत्तर दिलं गेलं. ते असो.

लायसन्स बाबांनी आपल्या कपाटात ठेवलं, हरवेल म्हणून. आईंना म्हणाले, तुला जिथे जायचं असेल तिथे मी नेईन. आणि मला म्हणाले, घर माणसांनी भरलंय, कामाला हात पुरत नाहीत, ताई जाईपर्यंत तू सुट्टी घे. शाळेच्या मालकीणबाईंना फोनही त्यांनीच केला. ऐन हंगामात सुट्टी, मालकीणबाई काय बोलल्या असतील ते तुझ्या लक्षात येईल.

तेव्हापासून मी घरात आहे. हे पत्र न्हाणीघरात स्टुलावर बसून लिहिते, नळ सोडून. सकाळी सहा माणसांचे कपडे, दुपारी अड्ड्याचा चहा, मध्ये जुळ्यांची दोन भांडणं. संध्याकाळी चार वाजले की पाय आपोआप ब्रेक दाबतो, ओट्याखाली.

आई माझ्याशी आठ दिवस बोललेल्या नाहीत. का, ते पुढे कधीतरी.

तुझी
मास्तरीण

ता. क. हे पत्र ताई टपालात टाकणार आहे. ती चांगली आहे रे, फक्त बाबांसमोर ती अजून नऊ वर्षांची असते.


९ जून

प्रिय,

रविवारी फोनवर तुला सांगितलं की आई चार दिवस मावशीकडे विश्रांतीला गेल्या आहेत. सांगितलं बाबांनी, मी शेजारी उभी राहून ऐकलं. ते खरं नाही.

मागच्या महिन्यात जे लिहायचं टाळलं ते आधी लिहिते. नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

बाबांनी विचारलं, कल्पना कुणाची. आई माझ्याकडे बघत होत्या. मी उत्तर द्यावं म्हणून नव्हे. त्या नुसत्या शांत होत्या, दोघी मिळून सांगू अशा. आणि मी म्हटलं, "आईंनीच हट्ट धरला. मला नाही म्हणता आलं नाही."

मला नोकरी वाचवायची होती. रोजचे ते आठ तास माझे होते, ते जातील या भीतीने माझ्या तोंडून निघालं. नोकरी वाचली नाहीच. आईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "हो, माझाच हट्ट." मग आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

मी माफी मागायला गेले तर त्या कुठल्यातरी डब्याचं झाकण शोधू लागायच्या. तीन आठवडे आम्ही एका खोलीत झोपलो, त्या पलंगावर आणि मी खाली, आणि दिवा मालवल्यावर एकमेकींचा श्वास ऐकत राहिलो.

गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी बाबा केस कापायला गेले होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला. आपली करडी गाडी. मला वाटलं, बाबा परत आले की काय. पण ते सुरू करतात तेव्हा गाडी आधी दोनदा खाकरते. या वेळी एका दमात सुरू झाली. वाकून बघितलं. आई फाटकातून मागे मागे, आरसा बघत गाडी बाहेर काढत होत्या. मागच्या सीटवर एक बॅग. जुळ्या फाटकापाशी हात हलवून "अजून, अजून, थांब" करत होत्या. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. हातातली चादर तशीच धरून उभी राहिले.

बाबांच्या कपाटात लायसन्सच्या जागी चिठ्ठी होती. 'बहिणीकडे जाते आहे. औषधांच्या वेळा फ्रीजवर लावल्यात.' एकशे दहा किलोमीटर, त्यातला निम्मा घाट. दुपारी मावशीचा फोन आला, पोचली, जेवून झोपली आहे. ताई रडायला लागली. बाबा म्हणाले, चार दिवसांत येईल. आणि खुर्चीत जाऊन बसले. पत्त्यांचा अड्डा त्या दिवसापासून बंद आहे. पोस्टमास्तर एकदा आले होते, दारातून बघून परत गेले.

आज तेरा दिवस झाले.

मधल्या रविवारी, तुझा फोन येऊन गेल्यावर तासाभराने, आई आल्या. गाडी फाटकाबाहेर उभी केली, इंजिन चालूच. उतरल्या नाहीत. जुळ्यांपैकी एकीला सांगून उरलेले कपडे आणि वाचायचा चष्मा मागवला. मी दोन्ही घेऊन बाहेर गेले. बाबा खुर्चीत होते. त्यांना सगळं दिसत होतं, पण उठले नाहीत.

मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, आई, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे तू का बोललीस. तुझ्या जागी मीही तेच बोलले असते. चाळीस वर्षं बोलतच आले." मग शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मागे टाकली आणि म्हणाल्या, "बसतेस?"

एवढंच. बसतेस.

माझे हात ओले होते. आत गॅसवर काहीतरी होतं, ताईला बरं नव्हतं, मुलींना भूक लागली होती. मी म्हटलं, "आई, स्वयंपाक व्हायचाय."

"माझाही व्हायचाच होता," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मग गिअर टाकला आणि गेल्या.

मला बसता आलं असतं. कुणी धरून ठेवलं नव्हतं. चार पावलं होती. ती चार पावलं मी का टाकली नाहीत, याचं उत्तर शोधताना आठवडा गेला आणि जे सापडलं ते तुला आवडणार नाही. निघताना तू मला म्हणाला होतास, "आईबाबांकडे तेवढं बघ." सहा वर्षं दर वेळी हेच म्हणतोस. मीही ते हौसेने अंगावर घेतलं. तू समुद्रावर का जातोस, ते मला या उन्हाळ्यात कळलं. तुला पाणी आवडतं म्हणून नाही. या दारातून बाहेर पडायला तुला तेवढा लांबचा बहाणा लागला. आईंना दातांचा लागला. आणि मागे कुणीतरी उभं असल्याशिवाय तुला जाता येत नाही, म्हणून मी.

त्या रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं. ताई होती, मुली होत्या. म्हटलं, "बाबा, मी खोटं बोलले होते. आईंना गाडीवर मी बसवलं. कल्पना माझी."

बाबा घास चावत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं. तिला स्वतःहून काही सुचत नाही."

"जायचं त्यांचं त्यांनाच सुचलं," मी म्हटलं.

त्यांनी ताट सारलं नाही, काही नाही. पूर्ण जेवले, हात धुतले. पण मग फ्रीजवरच्या औषधांच्या वेळा डोळे बारीक करून वाचत उभे राहिले, आणि मला त्यांची दया आली. हेच तर वाईट आहे. राग असता तर मी कधीच निघाले असते. सकाळी त्यांचा चहा मीच करते. ते विचारतात, कुठे, कशाला, किती वेळ. आणि मी अजून उत्तर देते. आज हे पाकीट टाकायला निघेन तेव्हाही देईन: टपाल, खलाशीबुवांना, दहा मिनिटं.

मालकीणबाईंनी सोमवारपासून परत बोलावलंय. जाणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन, विचारणार नाही. त्याने काय बदलेल ते ठाऊक नाही. संध्याकाळी सातला मी याच घरात परत येणार आहे.

तुझी बोट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लागते ना? मी बंदरावर येईन. आईंकडे फोनवर गाडी मागितली आहे, हो म्हणाल्या. बंदरापासून घर साडेचार तास. गाडी मी चालवीन, तू शेजारी बस. 'घरी जाऊन निवांत बोलू' असं मात्र म्हणू नकोस. घरी आपण आजवर कधी बोललो आहोत? जे काही आहे ते रस्त्यात बोलायचं, आणि गाडी कुठे वळवायची तेही रस्त्यातच ठरवायचं. तू बोलला नाहीस तर मी एकटी ठरवीन. तुला सोडीन दाराशी, सामान उतरवून देईन, आणि आत येणार नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. रागाने लिहिणं सोपं होतं, ते मे महिन्यात लिहिता आलं असतं.

जपून राहा. डेकवर टोपी घालत जा.

बंदरावर भेटणारी,
मास्तरीण