तीन शिक्क्यांखालच्या दोन ओळी

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. दाजी नोकरीसाठी परदेशी बसऱ्याला गेल्यापासून तू धरणगावात आपल्याच घरी होतीस. काही सांगायचं झालं तर ओसरीवरून हाक मारली की पुरे. आज हाक कुठे मारू?

दाजींचं पत्र आलं आहे. बायकोला नेण्याची जी परवानगी त्यांनी इतक्या खटपटीने मिळवली होती, ती त्यांच्या नावावर अजून तशीच आहे. ती रद्द करायला तुझ्या मृत्यूचा कागद लागतो. नुसता दाखला चालत नाही. आबांचं प्रतिज्ञापत्र, त्यावर धुळ्याच्या मॅजिस्ट्रेटची सही आणि शिक्का, त्या सहीची खात्री म्हणून मुंबईच्या सचिवालयाचा शिक्का, आणि सगळ्यांवर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का. वाट तीच आहे, अक्का. फक्त तेव्हा तुला पोचवायचं होतं.

उद्या सकाळच्या गाडीने आबांना घेऊन धुळ्याला जायचं आहे. मसुदा मलाच लिहायचा आहे. दुपारपासून कोरा कागद पुढे घेऊन बसलोय. जळगावच्या चौकात तास-तास बोलताना ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, त्याला पहिली ओळ सुचत नाही. म्हणून आधी तुला लिहितोय.

गेल्या दिवाळीनंतर दाजींचं पहिलं पत्र घेऊन तू माझ्या टेबलाशी आलीस तो दिवस आठवतो? तू ते अक्षर जुळवत आधीच वाचलं होतंस. तरी मला मोठ्याने वाचायला लावलंस. घर मिळालं आहे, परवानगीही मिळते आहे, वर्षभराच्या आत यायला हवं, लग्नाचा पुरावा पाठवा. तू म्हणालीस, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग तू आत जाऊन ट्रंक उघडलीस आणि लुगडी उन्हात टाकलीस. शेजारची काकू वईच्या कुंपणावरून म्हणाली, "काय वं, सासरी चालनी का?" सहा वर्षं जिला गल्लीतल्या बायका टाकलेली म्हणत होत्या, ती तू नुसती हसलीस.

लग्नाचा पुरावा! आपल्याकडे तो कुणी ठेवला होता? बालविवाहबंदीचा कायदा येणार म्हणून त्या वर्षी आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आसपास गावोगाव पोरीबाळी उजवून टाकल्या. आपल्या गावात एका मांडवात अकरा लग्नं लागली. तू आठ वर्षांची, मी पाच. मला एवढंच आठवतं की तू आईच्या खांद्यावर झोपली होतीस आणि तुझ्या मुंडावळ्या मी ओढत होतो. कागद कुणी केला नाही. अकरा घरांना सगळं ठाऊक होतं. वकिलातीला ठाऊक नव्हतं.

दाजींच्या घरचा पत्ता धुळ्याचा, म्हणून कागदही धुळ्याला करायचा ठरला. कचेरीसमोर झाडाखाली बसणाऱ्या नाना अर्जनविसांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "भाऊ, चार ओळी लिहा. कोणाची मुलगी, कोणाला दिली, कुठे, कोणत्या सणाला. खाली वडिलांचा अंगठा."

मी चार पानं लिहिली.

अक्का, त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि आजही नाही. झोपलेल्या लेकराचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे मी उद्याही चौकात उभं राहून म्हणेन. पण ती पानं मी आबांच्या तोंडी लिहिली. 'मी माझ्या अजाण कन्येचा, तिची संमती न घेता, एका निर्दय रूढीपायी बळी दिला.' नानांनी वाचून चष्मा काढला.

"हे प्रतिज्ञापत्र शे का सभा शे?"

"नाना, खरं लिहायचं नाही का?"

"लिहा ना. पण साहेबाला टाळ्या वाजवायच्या नाहीत, सही करायची आहे. ही तीन पानं काढा."

मी काढली नाहीत. इतकी पुस्तकं वाचली होती, इतक्या वर्षांचा राग होता, आणि समोर सरकारी कागद होता ज्यावर तीन-तीन शिक्के बसणार होते. मला वाटलं, एका बापाने आपल्या अंगठ्यानिशी हे कबूल करावं. तो बाप आपला होता, हे मी विसरलो नव्हतो. मला ते हवंच होतं.

अंगठा देणाऱ्याला मजकूर वाचून दाखवायचा, असा कचेरीचा नियम. कारकुनाने सगळी चार पानं मोठ्याने वाचली. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावू लागली. आबा टोपी हातात घेऊन उभे होते, शेजारी तू. 'बळी' या शब्दापाशी त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू खाली पाहत होतीस. वाचून झाल्यावर कारकुनानेच ओशाळून विचारलं, "बाबा, मान्य आहे ना?"

"लिखेल बठ्ठं खरं शे, साहेब," आबा म्हणाले. "अंगठा कोठे देऊ?"

परतीच्या गाडीत आपण तिघं एका बाकावर बसलो. आबा खिडकीशी, अंगठ्याची शाई धोतराच्या काठाला पुशीत. अमळनेर आल्यावर तू हळूच म्हणालीस, "तो मना लगीनना कागद शे ना, भाऊ? त्यामा मी कोठे शे?"

मी तुला समजावून सांगू लागलो. स्त्रीची संमती म्हणजे काय, हे मी माझ्या बहिणीला एस.टी.त बसून समजावलं. तू ऐकून घेतलंस. का ऐकून घेतलंस, अक्का? तू मोठी होतीस. चार मुस्काटात मारून ते कागद हिसकावून का घेतले नाहीस? तू मला कधी अडवलं नाहीस, हा राग अजून माझ्या मनात आहे. तुझ्यावर आता दुसरा राग धरता येत नाही.

दोन महिन्यांनी कागद परत आला. वकिलातीची चिठ्ठी सभ्य होती. हा विवाह मुलीच्या संमतीवाचून झाला असे खुद्द वडीलच सांगतात, तेव्हा सदर स्त्रीची पतीकडे जाण्याची इच्छा आहे किंवा कसे, हे तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्राने कळवावे. वडिलांनी नुसत्या लग्नाचा मजकूर नव्याने द्यावा.

मी तीन वेळा वाचली ती चिठ्ठी. समुद्रापलीकडच्या देशाच्या एका अनोळखी अधिकाऱ्याने जे विचारलं, ते मी चार पानांत एकदाही विचारलं नव्हतं. आबांनी विचारलं नाही तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. मी विचारलं नाही तेव्हा तू तेहतीस वर्षांची होतीस.

पुन्हा धुळं. या वेळी आबांच्या चार ओळी नानांनी लिहिल्या. तुझा कागद लिहायला त्यांनी टाक उचलला आणि विचारलं, "सांग अक्का, काय लिहू?" तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू म्हणालीस, "लिहा. मी यांची बायको आहे. मला त्यांच्याकडे जायचं आहे." नाना थांबून राहिले. तू म्हणालीस, "झालं." आणि खाली तू स्वतः सही केलीस, एकेक अक्षर दाबून.

कागद मुंबईला गेले. चैत्र लागला आणि तुला मुदतीचा ताप भरला. पंधराव्या दिवशी जरा शुद्धीवर येऊन तू विचारलंस, "पोस्टमन उना का?" मी म्हणालो, "येईल उद्या." हे मात्र मी तुझ्याशी खोटं बोललो नाही, मलाही तसंच वाटत होतं. आखाजीला आठ दिवस उरले असताना तू गेलीस. गल्लीतल्या पोरींनी आखाजीचा झोका बांधायला आपल्या निंबाची फांदी मागितली, तेव्हा आबांनी हो म्हटलं आणि स्वतः घरात जाऊन बसले.

कागद तुझ्या तेराव्यानंतर चार दिवसांनी आले. तिन्ही शिक्के ठळक. मी ते तुझ्या ट्रंकेत, लुगड्यांवर ठेवून दिले. मी ती चार पानं लिहिली नसती तर ते दोन महिने आधीच तुझ्या हातात पडले असते. ताप तुला इथे आला नसता असं कोण सांगेल? पण तू तेव्हा बोटीवर असतीस, दाजींच्या घरी असतीस. आबा मला काही म्हणत नाहीत. परवा फक्त म्हणाले, "भाऊ, आते माले आधी वाची दाखाड, मंग कचेरीमा वाचू दे." मी हो म्हटलं.

म्हणून आज तुला वचन देतो. उद्याचा कागद चार ओळींचा असेल: ती माझी मुलगी, ती यांची बायको, अमुक तिथीला धरणगावी मुदतीच्या तापाने वारली. बाहेर पडण्याआधी तो मी आबांना ओसरीवर वाचून दाखवीन आणि ते नको म्हणतील तो शब्द काढीन. मी बोलायचं सोडणार नाही, अक्का. ते तुलाही आवडलं नसतं. पण कुणाच्या घरचं दुःख चौकात नेण्याआधी त्या माणसाला विचारीन, आणि तो नाही म्हणाला तर गप्प बसेन.

आणि ट्रंकेतला तुझा कागद मी आज बाहेर काढला आहे. तो माझ्याजवळ ठेवावा असं फार वाटलं. पण तो मला लिहिलेला नाही. तुझ्या मृत्यूचा कागद निघेल, त्याच पाकिटात हाही जाईल. दाजींना दोन्ही एकदमच मिळतील. एकावर मी लिहिलेलं असेल, की तू नाहीस. दुसऱ्यावर तुझ्या सहीनिशी, तीन शिक्क्यांखाली, तुला त्यांच्याकडे जायचं आहे.

तुझा,
भाऊ